पिवळी जीभ

आमच्या घरात माझ्या हातांवर मी सोडून सगळ्यांचा हक्क होता. आई ते खिडकीपाशी उजेडात नेऊन उलटेसुलटे करून बघायची, बाबा बघून झाल्यावर वहीत काहीतरी लिहायचे, आणि माझी नऊ वर्षांची बहीण रेवा जेवताना मुद्दाम पलीकडची खुर्ची पकडून "ईगिट!" म्हणायची. "शी" म्हणायचं तर तिला जर्मनमध्येच म्हणायचं असायचं. मी सोळा वर्षांची होते. बोटांच्या बेचक्यांत, मनगटांवर आणि कोपरांच्या आतल्या बाजूला मला इसब होतं. त्वचेच्या डॉक्टरांनी त्याला न्यूरोडर्माटिटिस म्हटलं, तेव्हा "न्यूरो" एवढंच ऐकून आईने "डोक्याचं आहे का काही?" असं घाबरून विचारलं, आणि रेवा शांतपणे म्हणाली, "या, गेनाऊ," म्हणजे हो, अगदी बरोबर. आमचं घर जर्मनीतल्या गेर्लिंगेनला, दुसऱ्या मजल्यावर, बाबांच्या ऑफिसपासून चालत पंधरा मिनिटांवर होतं. त्या घरात माझी रात्रीची खाज भिंतीपलीकडे ऐकू जायची. मी दोन मिनिटं खाजवलं की आईची हाक यायची, "अनू, नखं!" माझं नाव अनघा आहे, पण त्या वर्षात मला माझं पूर्ण नाव "नखं" असावं असं वाटायला लागलं होतं.

मला त्या वर्षी एकच गोष्ट हवी होती. आमच्या शाळेत दहावीच्या मुलांना एक आठवडा प्राक्टिकुम असायचं, म्हणजे कुठेतरी जाऊन खरोखरचं काम करून बघायचं. वर्गातली निम्मी मुलं आपापल्या बापाच्या ऑफिसात जाणार होती. बाबाही मला न्यायला तयार होते. "पंपांचं टेस्टिंग बघशील, आयुष्यभर उपयोगी पडेल." मला पंप बघायचे नव्हते. शाळेतून येताना वाटेत हेफेले यांची कोंडिटोराई लागायची, केक आणि मिठायांचं दुकान. तिच्या बाजूच्या खिडकीतून मागचा भटारखाना दिसायचा. तिथे एक बाई रोज मार्झिपानच्या, म्हणजे बदाम-साखरेच्या, गोळ्यातून गुलाब करायची. अंगठ्याने एक पाकळी चेपायची, दुसरी तिच्यावर बसवायची, आणि पाचव्या पाकळीला ते फूल होऊन जायचं. माझे स्वतःचे हात तेव्हा फक्त बाह्यांत लपवायच्या कामाचे होते, त्यामुळे हातांनी असं काही करता येतं याची मी रोज दहा मिनिटं थंडीत उभी राहून खात्री करून घ्यायचे. शेवटी धीर करून आत गेले आणि जागा मागितली. हेर हेफेले म्हणजे दारातून आडवं यावं लागेल असा माणूस. त्यांनी माझं बोलणं ऐकून घेतलं, मग म्हणाले, "हात दाखव." मी दाखवले. ते काही वेळ बघत राहिले. "मेडले," त्यांच्या श्वेबिश बोलीत ते म्हणाले, म्हणजे 'पोरी', "डॉक्टरांचं आटेस्ट, म्हणजे दाखला, आण, की हे दुसऱ्याला लागणारं नाही. आणि मार्चपर्यंत जरा बरे कर ते." तेव्हा नोव्हेंबर होता. मला वाटलं, चार महिने म्हणजे पुष्कळ झाले.

मलम तर होतंच. डॉक्टरांनी दिलेलं कॉर्टिझोन लावलं की आठवडाभर हात गुळगुळीत व्हायचे आणि बंद केलं की दुप्पट लाल. आईने एका दुपारी रेवाला समोर बसवून त्या नळीबरोबरचा कागद वाचून घेतला. रेवाने "त्वचा पातळ होते" एवढं वाक्य मराठीत सांगितलं आणि बाकीचं कंटाळून सोडून दिलं. तेवढं पुरलं. नळी मोज्यांच्या खणात गेली. बाबा म्हणाले, "अगं सुनीता, प्रमाणात लावलं तर काही होत नाही." आई म्हणाली, "अहो, पोरीची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली की मग बसा प्रमाण मोजत." त्यानंतर बाबा खणातून नळी काढून मला गुपचूप द्यायचे, आई ती शोधून परत खणात ठेवायची, आणि दोघंही मला दुसऱ्याला न सांगण्याची शपथ घालायचे. मला वाटायचं, एकदा तरी कोणीतरी मला विचारावं की बाई गं, तुला काय वाटतं. मला माहीत होतं की गणिताच्या पेपराच्या आदल्या दिवशी ते फुटतं, लोकरीच्या स्वेटरने वाढतं, आणि घरात ही रस्सीखेच सुरू झाली की हमखास वाढतं. पण माझं मत मागायची आमच्याकडे पद्धत नव्हती. रोग माझा असला तरी खातं घराचं होतं.

शेन बाईंचा पत्ता आणला तो तळमजल्यावरच्या फ्राऊ कुग्लर यांनी. जिना पुसायची आमची पाळी होती, आई पोछा मारत होती, आणि कुग्लरबाई कमरेवर हात ठेवून एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे वाकून दाखवत होत्या. आईचं जर्मन तेव्हा बाजारापुरतं होतं, पण कंबर दुखायची थांबली हे तिला वाकण्यावरून कळलं. "शिनेझिश," कुग्लरबाई बोट वर करून म्हणाल्या. चिनी. आई वर येऊन बाबांना म्हणाली, "अहो, झाडपाल्याचं आहे. मुळाशी जातात म्हणे ते." बाबांनी विचारलं, "कुणी सांगितलं मुळाशी जातात?" आई म्हणाली, "कुग्लरबाई वाकल्या ना पार जमिनीपर्यंत!" या पुराव्यापुढे बाबांचं काही चाललं नाही.

फ्राऊ डॉक्टर शेन यांचं प्राक्सिस, म्हणजे दवाखाना, फॉयरबाखला, एका चष्म्याच्या दुकानावर होतं. ट्रामने वीस मिनिटं. खोलीत एक टेबल, तीन खुर्च्या, भिंतीवर अंगभर रेघा मारलेला एक उघडा माणूस, आणि खिडकीत कोरफडीची कुंडी. ती कुंडी बघताच आईचा चेहरा खुलला. "आपली कोरफड," ती माझ्या कानात म्हणाली, जणू परदेशात माहेरचं कोणी भेटलं. शेन बाई पन्नाशीच्या, बुटक्या, विणलेलं जाकीट घातलेल्या आणि भलत्या वेगाने जर्मन बोलणाऱ्या होत्या. त्यांची क्रियापदं वाक्यात कुठेही पडायची, पण त्यांना त्याची फिकीर नव्हती. आईला तेवढंही येत नव्हतं. त्यामुळे माझ्याच रोगाची दुभाषी मी झाले. झोप कशी लागते, घाम कुठे येतो, शौचाला केव्हा आणि कशी होते, पाळीच्या आधी काय होतं, स्वप्नं कसली पडतात. मी "ठीक" असं एका शब्दात उत्तर द्यायचे, आणि आई मराठीत, हातवाऱ्यांसकट, माझ्या जन्मापासूनचा पोटाचा इतिहास सांगायची. "सांग ना त्यांना, तू दीड वर्षाची असताना तुला तीन दिवस शी झाली नव्हती." मी सांगितलं नाही. शेन बाई मात्र आईच्या हातवाऱ्यांकडे बघून मान हलवत होत्या आणि लिहीत होत्या. काय लिहीत होत्या देव जाणे.

मग त्यांनी माझ्या मनगटावर तीन बोटं ठेवली आणि डोळे मिटले. बराच वेळ. इतका वेळ माझे हात कोणी तोंड वाकडं न करता धरले नव्हते, त्यामुळे मी श्वास रोखून बसले. नंतर त्या म्हणाल्या, "माणूस म्हणजे बाहेरच्या हवेचाच एक तुकडा असतो. बाहेर पाऊस, तर आतही पाऊस. बाहेर वारा, तर आतही वारा. तुझ्या आत पाणी साचलंय आणि त्यावर ऊन पडलंय. दलदल झाली आहे. तिची वाफ वर येते, तिला बाहेर पडायला वाट हवी असते, ती तुझ्या हातांतून फुटते." मी हे मराठीत सांगितलं तशी आईने मांडीवर थाप मारली. "अगं, हे तर आपलंच! उष्णता म्हणतायत त्या. पित्त!" त्या क्षणापासून आई स्वतःला शेन बाईंची सहकारी समजायला लागली. दही, तळकट, मिरची, शेंगदाणे, कच्ची कोशिंबीर, फ्रिजमधलं काहीही बंद, असं त्या सांगत गेल्या, आणि आई प्रत्येक नावाला "बरोबर आहे, बरोबर आहे" करत गेली. मूग चालतील, मूग थंड असतात, असं त्या म्हणाल्या तेव्हा तर आई विजयाने माझ्याकडे बघून म्हणाली, "मी काय वेगळं सांगत होते?" रोज सकाळी जंगलातून चालायचं, झाडांमध्ये श्वास घ्यायचा, हेही होतं. आज मला हे सगळं गमतीचं वाटत नाही. मी एका आरोग्य विमा संस्थेत नोकरी करते, अशा काढ्यांचे अर्ज नामंजूर करणारी पत्रं मी स्वतः सही करून पाठवते, आणि प्रत्येक वेळी मला ती दलदल आठवते. माझ्या हातांचं वर्णन मला तेव्हाही पटलं होतं आणि अजूनही त्याहून चांगलं कोणी केलेलं नाही.

शेवटी त्या म्हणाल्या, "जीभ." मी काढली. त्यांनी दिवा ओढून जवळ आणला. "सकाळी कॉफी घेतलीस?" नाही. "लाक्रिट्स?" म्हणजे ज्येष्ठमधाच्या काळ्या वड्या. "गोळ्या?" नाही. "दुसरं काही औषध?" मी आईला विचारलं, आईने ठामपणे मान हलवली, नाही. "पिवळी," शेन बाई म्हणाल्या. "खूप पिवळी. खूप उष्णता." आणि त्यांनी कागदावर चिनी अक्षरांची उभी रांग लिहायला घेतली.

त्या रांगेचा अर्थ आमच्या स्वयंपाकघरात कळला. आपोटेकमधून, म्हणजे औषधांच्या दुकानातून, तपकिरी पिशव्या आल्या. त्यांत मुळं, साली, काड्या, जळक्या चिपांसारखे तुकडे, आणि एक पिवळंधमक खोड, ज्याच्या नुसत्या वासाने जीभ कडू व्हायची. सांगितलं होतं की मातीच्या भांड्यात भिजवायचं, मंद आचेवर दोनदा उकळायचं, दोन्ही पाणी एकत्र करायचं. आई म्हणाली, "एवढा वेळ कोण वीज जाळणार?" आणि तिने ते कुकरला लावलं. तिसऱ्या शिट्टीला एक मूळ शिट्टीच्या तोंडात जाऊन बसलं आणि झाकणाच्या कडेने काळा फवारा थेट छताला गेला. तो डाग आम्ही घर सोडेपर्यंत तिथे होता. नंतर दुधाच्या पातेल्याचा बळी देण्यात आला. जिन्यात दोन दिवस ओल्या गोणपाटाचा वास होता, पण कुग्लरबाईंना तक्रार करायला तोंड नव्हतं. चव सांगायची तर तो काढा प्यायल्यावर कडुनिंबाला गोड म्हणावंसं वाटेल अशी. सकाळी एक पेला, संध्याकाळी एक. आई समोर उभी राहायची आणि मी गिळलं की स्वतः "हुश्श" करायची.

दुसऱ्या आठवड्यात रेवा पिशवीत डोकावून किंचाळली, "मामा, दा इस्ट आइन केफर!" आई, यात किडा आहे. किडा होताच. एक नव्हे, मूठभर. पारदर्शक, सोनेरी, पाय-बिय सगळं शाबूत. मी आपोटेकला फोन केला. त्यांनी सांगितलं की किडे नाहीत, झाडावरच्या सिकाडा किड्यांनी टाकलेल्या कातीच आहेत, खाजेवर उत्तम. आईने ती पिशवी ज्या ओट्यावर ठेवली होती त्याच्या वरच देव होते. तिने आधी देवांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "म्हणजे गेले दोन आठवडे तू…" "हो." आम्ही घरात अंडंसुद्धा केकमध्ये असेल तरच आणि न विचारता खाणारी माणसं. पण औषध थांबवणं हेही तिला जमेना. तिने वर्तमानपत्र पसरलं, चष्मा लावला, आणि तांदूळ निवडावेत तसं ते औषध निवडायला बसली. एकेक कात चिमट्याने उचलून बाजूला. रेवा म्हणाली, "बिओम्युल," म्हणजे ओल्या कचऱ्याचा डबा, त्या बाबतीत ती फार काटेकोर होती. आई मला म्हणाली, "हे डॉक्टरबाईंना सांगू नकोस हं. त्यांना वाईट वाटेल." तेव्हापासून दर शनिवारी दुपारी औषध निवडणं हे पापड लाटण्यासारखं एक घरकाम होऊन बसलं.

बाबांनी या सगळ्यात विज्ञान आणलं. त्यांनी कॉम्प्युटरवर तक्ता केला. नाश्त्याला बसलं की विचारायचे, "आज किती? शून्य ते दहा." मी म्हणायचे सात. "कालच्यापेक्षा?" काल पण सात. "साडेसात का नाही?" दर रविवारी फ्रिजवर नवा आलेख लागायचा, आणि ती रेघ ख्रिसमस गेला, जानेवारी गेला, तरी सपाट. दर तीन आठवड्यांनी आम्ही फॉयरबाखला जायचो, शेन बाई जीभ बघायच्या, "अजून पिवळी, आधीपेक्षा जास्त" म्हणायच्या, आणि पुढच्या पिशवीत ते पिवळं कडू खोड वाढायचं. फेब्रुवारीत माझं पोट बिघडलं. पायाला गार लागायचं, जेवण नकोसं व्हायचं, वर्गात तासाला दोनदा उठावं लागायचं. हात मात्र होते तसेच. मी चिडले की आई म्हणायची, "अगं, बाहेर पडतंय ते सगळं, चांगलं लक्षण आहे." बाबा म्हणायचे, "हे आलेखात कुठल्या रकान्यात घालू?" मला दोघांच्याही अंगावर ते पातेलं ओतावंसं वाटायचं.

प्राक्टिकुमला दोन आठवडे राहिले असताना आम्ही शेन बाईंकडे आटेस्ट आणायला गेलो. ट्रामच्या थांब्यावर आईने नेहमीप्रमाणे पर्समधून स्टीलची छोटी डबी काढली. हळद, मध आणि थेंबभर तूप. बोटावर घेऊन माझ्या जिभेवर. मला आठवतं तेव्हापासून रोज सकाळी हे चाटण व्हायचं, दात घासण्याइतकंच बिनबोभाट. डॉक्टरकडे जायच्या दिवशी मात्र आई ते घरी न देता थांब्यावर द्यायची आणि दुप्पट द्यायची. पाहुणे यायच्या आधी घर आवरावं तसं. डॉक्टरांसमोर मुलगी जरा बरी दिसली पाहिजे.

शेन बाईंनी जीभ बघितली आणि दिवा बंद केला. त्या दिवशी त्या माझ्याशी न बोलता कागदाशी बोलल्यासारखं बोलल्या. "उष्णता उतरत नाही. मला कळत नाही. आटेस्ट आज नाही देत. दोन महिने थांब. भटारखान्यात ओव्हन, वाफ, गरमी. तुझ्यासाठी वाईट."

मला फक्त "दोन महिने" ऐकू आलं. आई माझी बाही ओढत होती, "काय म्हणतायत? अनू, काय म्हणतायत?" मी काही न सांगता उठले आणि टॉयलेटमध्ये जाऊन कडी लावली. रडायचंच होतं, पण आरशासमोर उभी राहिल्यावर रागाने जीभ काढून बघितली. जिने माझा गुलाब खाल्ला ती जीभ. पिवळीजर्द. चिडून भिंतीवरचा कागदी टॉवेल ओढला आणि ती खसाखसा पुसली. कागद पिवळा झाला. जीभ गुलाबी झाली. मी बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिले. सोळा वर्षं मराठी घरात काढलेल्या मुलीला हळदीचा डाग ओळखायला इतका वेळ लागावा, ही माझ्या बुद्धीची तेव्हाची खरी नोंद आहे.

मी बाहेर आले आणि तो कागद शेन बाईंच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो उचलला, नाकाशी नेला. "कुर्कुमा," त्या म्हणाल्या. मग आणखी एक चिनी शब्द, स्वतःशीच. मग आईकडे वळून एकदम इतक्या मोठ्याने की बाहेर बसलेल्या माणसानेही ऐकलं असेल, "तीन महिने! तीन महिने मी हळदीवर उपचार करते आहे! मी थंड देते, तुम्ही गरम देता! या मुलीच्या पोटात आपण दोघी भांडतो आहोत!"

आईला शब्द कळले नाहीत, पण कागद कळला. ती मला म्हणाली, "तू सांगितलंस?" मी म्हटलं, "तू कशाला देतेस? त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, दुसरं काही औषध देता का म्हणून!" आई खरोखर गोंधळली. "पण हे औषध कुठंय?" मग ती शेन बाईंकडे वळली आणि त्या खोलीत पहिल्यांदा माझ्यामार्फत न बोलता स्वतः बोलली. "निष्ट मेडित्सीन," ती म्हणाली. औषध नाही. पुढचा शब्द तिला सापडेना. तिने डबी उघडून दाखवली, बोट तुपात बुडवायची खूण केली, माझ्याकडे बोट केलं, हाताने जमिनीपासून दोन वितींवर उंची दाखवली, एवढी होती तेव्हापासून. "इमर," ती म्हणाली. नेहमी. आणि तिने डबी बंद केली.

शेन बाईंनी मला चूळ भरायला लावली, पाच मिनिटं थांबल्या आणि पुन्हा जीभ बघितली. फिकट होती, कडांना दातांचे ठसे होते. त्यांचा चेहरा पडला. "उलट आहे," त्या म्हणाल्या. "आत थंडी आहे. माझ्या औषधाने केली." त्या आईवर ओरडल्या होत्या तितक्याच जोरात स्वतःवर चिडल्या. "वास घ्यायला हवा होता. कॉफी विचारली, लाक्रिट्स विचारलं, समोर भारतीय बाई बसली आहे तिला हळद नाही विचारली!" मग मला विचारलं, "आणखी काही आहे, जे मला माहीत नाही?" मला सिकाडाच्या काती दिसल्या, वर्तमानपत्रावर ओळीने मांडलेल्या. आई माझ्याकडे बघत होती. प्रश्न तिला कळला नव्हता आणि तरी कळला होता. मी म्हटलं, "नाही." दोन आठवडे सगळं बंद, असं शेन बाईंनी सांगितलं. काढा बंद, चाटण बंद, फक्त मऊ भात, मूग आणि कोमट पाणी. आटेस्ट लिहून दिलं. लागण होणारं तर ते कधीच नव्हतं.

परतीच्या ट्राममध्ये आईने डबी पर्सच्या तळाशी सरकवली. दुसऱ्या दिवशी सकाळी चाटण नव्हतं. दुपारी बटाट्याची भाजी पांढरी होती. संध्याकाळी वरण पांढरं. तिसऱ्या दिवशी पोहे आले ते कागदाचे कपटे परतल्यासारखे. आईने घरातून हळद हद्दपार केली होती, सगळ्यांसाठी. रेवा म्हणाली, "एंटलिश नॉर्माल," एकदाचं नीट जेवण मिळालं. बाबांनी वरणात पळी फिरवत विचारलं, "अगं, आजारी कोण आहे, पोरगी की वरण?" आई म्हणाली, "मला काय कळतंय? डॉक्टरबाईंनी सांगितलंय, मी आपली करते." माझ्या हातांकडे ती बघेना. उजेडात नेणं बंद. "नखं" ही हाक बंद. मी रात्री हवी तेवढी खाजवत पडायचे, आणि भिंतीपलीकडे कोणी जागं असल्याचं मला ऐकू यायचं, पण हाक यायची नाही. इतकी वर्षं मला हवी होती ती मोकळीक मिळाली आणि तिच्याइतकी वाईट मोकळीक मी नंतर कधी भोगली नाही. गंमत म्हणजे काहीही न करता हात सुधारले. बाबांची रेघ चारवर उतरली. बाबा म्हणाले मलमाचा परिणाम उशिरा दिसतोय, कुग्लरबाई म्हणाल्या चिनी औषध मुळाशी पोचलं. आईने आलेखाकडे न बघता फ्रिज उघडला.

सोमवारी पहाटे मी पांढरा एप्रन घालून हेफेलेंच्या भटारखान्यात उभी होते. त्यांनी हात उलटे करून बघितले, "हं" केलं आणि मला बदाम सोलायला बसवलं. मंगळवारी गुलाबवाल्या बाईने मला मार्झिपानचा गोळा दिला. माझा पहिला गुलाब कोबीसारखा झाला, चौथा गुलाबासारखा. पण तिथे दर दहा मिनिटांनी हात धुवावे लागायचे, कडक साबणाने, गरम पाण्याने, आणि मधल्या वेळात साखर आणि पीठ. बुधवारी दुपारी उजव्या अंगठ्याच्या पेऱ्यावर चीर पडली. मी अंगठा दुमडून काम करत राहिले. मग एका पांढऱ्या पाकळीवर लाल ठिपका उमटला. हेफेले रागावले नाहीत, रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी अख्खा ट्रे उचलून कचऱ्यात टाकला आणि म्हणाले, "मेडले, असं नाही चालत." उरलेले दोन दिवस मी पुढे दुकानात खोक्यांना फिती बांधायच्या असं ठरलं.

घरी आले तेव्हा आई पांढरी मुगाची खिचडी ढवळत होती. बाबा यायचे होते, रेवा खाली खेळायला गेली होती. मी ओट्यापाशी जाऊन उभी राहिले आणि दोन्ही हात तिच्यापुढे धरले. आठही बोटं फुटलेली, अंगठा सुजलेला. तिने पळी थांबवली. हात पुढे आले आणि मध्येच थबकले.

"काहीतरी लाव ना," मी म्हटलं.

"मी?" आई म्हणाली. "डॉक्टरबाईंना विचार."

"आई, प्लीज."

"नाही, विचार. परत माझ्यामुळे काही नको." तिचा आवाज इतका साधा होता की तो टोमणा नव्हता हे मला तेव्हाच कळलं.

मी फोन लावला. शेन बाईंच्या मागे कोणीतरी पेशंट बोलत होतं, त्यांना वेळ नव्हता. मी विचारलं, खोबरेल तेल लावलं तर चालेल का. "खोबरेल? लाव, लाव. काही बिघडत नाही," त्या म्हणाल्या, आणि सोमवारी ये असं सांगून त्यांनी फोन ठेवला. आई शेगडीसमोर हात पुसत उभी होती. "काय म्हणाल्या?"

तीन महिने मी त्या दोघींच्या मध्ये बसून वाक्यं इकडून तिकडे नेली होती, काही गाळली होती, काही अर्धीच पोचवली होती. "म्हणाल्या, खोबरेल उत्तम," मी सांगितलं. "म्हणाल्या, आईने स्वतःच्या हाताने लावायचं. त्यांना ते जास्त कळतं."

"असं म्हणाल्या?"

"हो."

"माझं नाव घेऊन?"

"फ्राऊ मुटर म्हणाल्या. म्हणजे आईसाहेब. म्हणजे तूच."

आईने क्षणभर माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत तिने किती विश्वास ठेवला आणि किती ठेवायचं ठरवलं, हे मी आजवर तिला विचारलेलं नाही. मग तिने खिचडीखालची आच बंद केली, वाटीत तेल काढलं, खुर्चीवर बसून ते दोन्ही तळव्यांत चोळून कोमट केलं आणि माझा उजवा हात स्वतःच्या मांडीवर ओढून घेतला. प्रत्येक बोट वेगळं, बेचक्यातून मनगटाकडे. चिरेपाशी आल्यावर ती थांबली.

"झोंबतंय?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. डोळ्यांत पाणी येईल इतकं झोंबत होतं.